कोपऱ्यातल्या खोलीला नेट का नाही?

ग्रुप कॉलवर हे रोज होतं. दोघं एकदम बोलायला लागतात. दोघंही थांबतात. ‘बोल, तू बोल.’ ‘नाही नाही, तू बोल ना.’ मग शांतता. मग परत दोघं एकदम! शेवटी कुणीतरी एक जण जरा जास्त वेळ गप्प बसतो आणि गाडी पुढे सरकते.

तुमच्या हॉस्टेलच्या वायफायमध्ये अगदी हेच चाललेलं असतं, फक्त सेकंदाला शेकडो वेळा. प्रश्न इतकाच आहे की तिथे दर वेळी जास्त वेळ गप्प कोणाला बसावं लागतं? तुम्ही हॉस्टेलवर राहत असाल तर उत्तर तुम्हाला माहितीये. पॅसेजच्या टोकाची, जिन्यापलीकडची, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेली ती खोली. फोनवर वायफायच्या दोन काड्या दिसतात, पण पान काही उघडत नाही. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायच्या शेवटच्या रात्री तिथल्या मुली लॅपटॉप घेऊन पॅसेजमध्ये, पायऱ्यांवर, पाण्याच्या कूलरशेजारी बसलेल्या असतात. मुलांच्या हॉस्टेलवरचे निदान चौकातल्या कॅफेत जाऊन बसतात. मुलींचं गेट बऱ्याच ठिकाणी आधीच बंद झालेलं असतं, त्यामुळे पायरी हाच कॅफे.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं. ‘आपला प्लॅन चांगला आहे, बाकी कुणाची तक्रार नाही, तुझा फोन जुना असेल.’ आम्ही राहायचो त्या हॉस्टेलवर दोन वर्षांत प्लॅन दोनदा वाढवला आणि कोपऱ्यातली खोली होती तिथेच राहिली. माझं म्हणणं असं आहे की हा प्लॅनचा प्रश्नच नाही. हा हवेतल्या रांगेचा प्रश्न आहे. ती रांग सगळ्यांना एकच नियम लावते आणि तरीही एकाच खोलीवर अन्याय करते. हे नीट कळलं तर रेक्टरकडे नेमकं काय मागायचं तेही कळतं.

मी मास कॉमची, इंजिनिअरिंगची नाही. पण ही गोष्ट समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही, कारण ती सुरू होते समुद्रावर. नॉर्मन अब्रॅमसन नावाचे एक प्राध्यापक होते. सर्फिंगच्या वेडापायी ते अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून हवाईला आले आणि तिथल्या विद्यापीठात शिकवू लागले. हवाई म्हणजे बेटंच बेटं. मोठा कॉम्प्युटर एका बेटावर, कॉलेजं इतर बेटांवर आणि मधल्या टेलिफोन लाइन महाग, त्यातही बेभरवशाच्या. मग त्यांनी ठरवलं की कॉम्प्युटर रेडिओवरून बोलतील. १९७१ साली हे जाळं सुरू झालं. नाव ठेवलं अलोहानेट. वेग होता सेकंदाला ९६०० बिट. आज तुमचा एक सेल्फी पाठवायला त्याने अर्धा तास सहज घेतला असता.

आता अडचण बघा. सगळ्या बेटांना बोलायला एकच रेडिओ चॅनल. कुणी कधी बोलायचं हे ठरवणार कोण? अब्रॅमसन यांचं उत्तर भन्नाट होतं: कुणीच नाही. ज्याला बोलायचंय त्याने डेटाचं पॅकेट सरळ पाठवून द्यावं. मधल्या मशीनकडून ‘मिळालं’ अशी पोच आली तर उत्तम. नाही आली तर दुसऱ्या कुणाचं तरी पॅकेट त्याच वेळी येऊन धडकलं असं समजावं, थोडा वेळ थांबावं आणि पुन्हा पाठवावं. हा ‘थोडा वेळ’ प्रत्येकाने स्वतःपुरता, फासा टाकल्यासारखा निवडायचा. दोघंही मोजून तेवढंच थांबले तर परत एकमेकांना धडकणार, ग्रुप कॉलवर धडकतात तसे.

पोलीस नाही, सिग्नल नाही, टोकन नाही. मला हे फार आवडतं. पण याची किंमत मोठी आहे. हिशोब मांडला तर असं निघतं की या पद्धतीत चॅनलच्या क्षमतेपैकी जेमतेम १८ टक्के खऱ्या कामाला येते. बाकी सगळं टक्कर आणि वाट बघण्यात जातं. १९७२ मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी एक साधी सुधारणा सुचवली. पाठवायचं ते ठरलेल्या ठोक्यावरच पाठवा, अधेमधे नाही. त्यामुळे अर्धवट टकरा थांबल्या आणि आकडा दुप्पट होऊन ३७ टक्क्यांच्या आसपास गेला. पण खरी मेख वेगळीच आहे. गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की उपयोगी काम वाढत नाही, उलट घटतं. जितके जास्त जण बोलतात तितक्या जास्त टकरा, जितक्या टकरा तितकं पुन्हा पाठवणं, आणि ते पुन्हा पाठवलेलंही नव्या टकरांत सापडतं. शेवटी सगळे बोलतायत आणि कुणाचंच पोचत नाही. आमच्या मेसमध्ये रविवारी पुरीभाजीच्या काउंटरवर साधारण असंच दृश्य असतं.

यावर उपाय काय, तर आधी कान द्या, मग बोला. चॅनलवर कुणी बोलत असेल तर थांबा. बॉब मेटकाफ यांनी अब्रॅमसन यांचा अभ्यास वाचूनच १९७३ मध्ये इथरनेट मांडलं, तेच ते भिंतीतल्या निळ्या-पिवळ्या केबलवालं. तिथे बोलता बोलता ऐकताही येतं, त्यामुळे टक्कर झाली की लगेच कळतं. वायफायला ती चैन नाही. स्वतः ओरडत असताना लांबून येणारी कुजबुज ऐकू येत नाही, तसं रेडिओचं होतं. त्यामुळे वायफायला टक्कर कधी दिसतच नाही. पोच आली नाही एवढंच दिसतं.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण कोपऱ्यातल्या खोलीचं सगळं दुखणं याच्यातच आहे.

नियम असा आहे. चॅनल मोकळं झालं की तुमचा फोन लगेच बोलत नाही. तो ० ते १५ यातला एक आकडा मनात धरतो आणि तेवढे ठोके मोजून मग बोलतो. एक ठोका ९ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यातले नऊ. पोच आली नाही तर पुढच्या वेळी ० ते ३१ मधला आकडा, मग ० ते ६३, असं दुप्पट करत करत १०२३ पर्यंत. कल्पना समजूतदारपणाची आहे. टक्कर झाली म्हणजे गर्दी आहे, गर्दी आहे तर मी जास्त थांबतो. सगळेच असं वागले तर गर्दी आपोआप पांगते, आणि खरंच पांगते. जगभरातली वायफाय या समजूतदारपणावर चालतात.

पण पोच न येण्याचं कारण दर वेळी टक्कर नसते ना! सिग्नल दुबळा असेल, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट असेल, तरी पोच येत नाही. कोपऱ्यातल्या खोलीतल्या फोनला हा फरक कळायला मार्गच नाही. तो बिचारा समजतो गर्दी आहे, आणि आणखी मागे सरकतो. ज्याचा आवाज आधीच कमी, त्यालाच नियम सांगतो की तू अजून थांब. उलट राउटरच्या खालच्या खोलीतलीचं पॅकेट पोचलं की तिचा आकडा परत १५ वर येतो. जिंकणाऱ्याला पुढच्या फेरीत पुन्हा पुढची जागा. फरक मिलिसेकंदांचा आहे हे खरं, पण एक पान उघडायला शेकडो पॅकेटं लागतात आणि त्यातल्या बऱ्याचशांना ही शिक्षा भोगावी लागते.

बरं, हे आज कळलं असंही नाही. १९९४ मध्ये बर्कली विद्यापीठ आणि झेरॉक्सच्या संशोधकांनी हा अन्याय नेमका दाखवून दिला होता. त्यांनी सुचवलं की प्रत्येकाने आपापला आकडा एकट्याने ठरवू नये. गर्दी सगळ्यांची आहे, तर थांबण्याचा आकडाही एकमेकांचा ऐकून सगळ्यांचा सारखा असावा. १९९७ मध्ये वायफायचं पहिलं प्रमाण आलं तेव्हा त्यात एकट्याने दुप्पट करण्याचीच पद्धत राहिली.

त्यात भर म्हणजे दोन पॅकेटं धडकली तरी दोन्ही मरतातच असं नाही. एकाचा सिग्नल बराच जोरदार असेल तर राउटर तेवढं उचलतो आणि दुसरं वाया जातं. बळी तो कान पिळी! राउटरजवळची मुलगी टक्करसुद्धा जिंकते, आणि तिला बिचारीला टक्कर झाली होती हे कळतही नाही. तिची तक्रार कशी असेल? ‘बाकी कुणाची तक्रार नाही’ हे रेक्टरचं वाक्य खरंच असतं.

आणखी एक गोम आहे. राउटर पॅसेजच्या मध्यावर आहे असं धरा. एका टोकाची खोली आणि दुसऱ्या टोकाची खोली, दोघी राउटरला ऐकू येतात पण एकमेकींना नाही. दोघी कान देतात, दोघींना शांतता ऐकू येते, दोघी बोलतात आणि राउटरपाशी धडकतात. आधी ऐका मग बोला हा नियम दोघींनी पाळला, तरी टक्कर झालीच. हा प्रश्न १९७५ मध्येच क्लाइनरॉक आणि तोबागी यांनी मांडला होता. वायफायमध्ये त्यावर उपाय आहे: आधी छोटीशी परवानगी मागायची, राउटरने ‘हं, तू बोल’ असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं आणि बाकीच्यांनी तेवढा वेळ गप्प बसायचं. शाळेतला हात वर करण्याचा प्रकार. पण परवानगी मागण्यातही वेळ जातो, म्हणून बहुतेक राउटरमध्ये ही सोय बंद असल्यासारखीच असते.

आता तुम्ही राउटरच्या खालच्या खोलीत राहत असाल तर म्हणाल, वाईट वाटतं, पण मला काय त्याचं? तुम्हालाच त्याचं आहे. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

सिग्नल दुबळा झाला की फोन वेग कमी करून हळूहळू, स्पष्ट बोलतो. १५०० बाइटचं एक पॅकेट ५४ एमबीपीएसने पाठवायला साधारण ०.२ मिलिसेकंद लागतात. तेच ६ एमबीपीएसने पाठवायला २ मिलिसेकंद. हवेतली रांग पाळी सारखी देते, वेळ नाही. म्हणजे तुमची एक पाळी ०.२ ची आणि तिची एक पाळी २ ची. ती बोलत असताना तुम्ही सगळ्या गप्प. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी २००३ मध्ये हे मोजून दाखवलं: एकच हळू चालणारं मशीन अख्ख्या खोलीतल्या वेगवान मशीनना आपल्या पातळीला ओढून आणतं. काही नवे राउटर पाळीऐवजी वेळ सारखी वाटतात, पण मग दंड पुन्हा कोपऱ्यातलीलाच. तिला तेवढ्या वेळात दहावा हिस्सा डेटा मिळणार.

थोडक्यात, तिच्या खोलीजवळ एक राउटर लावला तर फायदा फक्त तिचा नाही, सगळ्या मजल्याचा आहे. ती पटकन बोलून मोकळी होईल आणि हवा रिकामी होईल. हे उपकार वगैरे नाहीत, साधा हिशोब आहे.

पण आपण काय करतो? कोपऱ्यातली मुलगी कंटाळून स्वतःचं सिम टाकून हॉटस्पॉट सुरू करते. शेजारची तिचं बघून करते. कुणीतरी ऑनलाइन रिपीटर मागवते. प्रत्येक हॉटस्पॉट, कुणी वापरत नसलं तरी, सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी घोषणा करत असतो. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही घोषणा सगळ्यात हळू वेगाने, १ एमबीपीएसने केली तर एकीला दोन मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. एका मजल्यावर एकाच चॅनलवर असे वीस हॉटस्पॉट धरा. सेकंदाला दोनशे घोषणा, म्हणजे हजारातले चारशे मिलिसेकंद नुसत्या नाव सांगण्यात गेले. अजून कुणी एक मेसेजही पाठवलेला नाही! आणि या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. कुणी हौसेने ३ वर किंवा ८ वर राउटर लावला की तो दोन्हीकडच्यांना त्रास देतो आणि कुणाच्याच रांगेत धड उभा राहत नाही. रिपीटरचं तर विचारूच नका. तो ऐकलेलं प्रत्येक पॅकेट पुन्हा हवेत बोलून दाखवतो. हवा तीच, बोलणं दुप्पट.

म्हणून ‘ज्याने त्याने आपापलं बघावं’ हा उपाय इथे चालत नाही. हवा वाटून घेता येत नाही. तुमच्या खोलीतलं नेट तुमचं असेल, पण हवा मजल्याची असते.

काही जण म्हणतील, नवं वायफाय ६ आलंय, त्यात राउटर स्वतःच कुणी कधी बोलायचं ते वाटून देऊ शकतो, मग टकरा कशाला होतील? खरंय, पण फोनही नवा लागतो. वडिलांनी वापरून दिलेला सहा वर्षांपूर्वीचा फोन घेऊन आलेली मुलगी जुन्याच रांगेत उभी राहणार. आणि जिथे सगळं ठरवणारा टॉवर असतो तिथेही पहिली हाक बिनरांगेचीच असते. ४जी मध्ये फोनला टॉवरशी बोलायचं असेल तर ६४ खुणांपैकी एक निवडून हाक मारावी लागते, आणि त्यातल्याही काही राखीव असतात. दोघांनी एकाच वेळी तीच खूण निवडली की टक्कर. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर फोनच्या काड्या फुल्ल आणि कॉल लागत नाही, त्यामागे जी कारणं असतात त्यातलं हे एक. काड्या टॉवरचा आवाज तुम्हाला किती येतो ते सांगतात, तुमचा आवाज गर्दीतून त्याच्यापर्यंत पोचतो का ते नाही.

टक्कर म्हणजे सगळं वायाच, हेही आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. आयआयटी मद्रासमधून शिकलेले श्यामनाथ गोल्लाकोटा आणि एमआयटीच्या प्राध्यापक दीना कताबी यांनी २००८ मध्ये एक सुंदर युक्ती दाखवली. तीच दोन पॅकेटं दोनदा धडकली, पण दर वेळी थोडी वेगळी सरकून, तर पहिल्या टकरीतला सुरुवातीचा स्वच्छ तुकडा वाचायचा, तो दुसऱ्या टकरीतून वजा करायचा, मग तिथे जे उघडं पडेल ते पहिलीतून वजा करायचं. असं इकडून तिकडे, तिकडून इकडे करत दोन्ही पॅकेटं सुटी होतात. गुंतलेली लोकर सोडवावी तसं. उपग्रहांच्या जाळ्यात याच्याच जवळची वजाबाकी वापरतात. मला मजा वाटते ती याची, की फासा टाकून थांबण्यामुळेच दोन टकरा वेगवेगळ्या सरकतात, म्हणून ही युक्ती चालते. पण तुमच्या हॉस्टेलच्या छतावरच्या पांढऱ्या डब्याकडून एवढी अपेक्षा ठेवू नका.

मग मागायचं काय? अर्जात ‘स्पीड वाढवा’ लिहू नका. त्याने कॉलेज प्लॅन बदलेल, बिल वाढेल आणि पायऱ्यांवरची गर्दी तशीच राहील. केबल मागा. पॅसेजच्या दोन्ही टोकांपर्यंत केबल ओढून तिथे एकेक राउटर, मधला एक आणि टोकाचे दोन वेगवेगळ्या चॅनलवर. जमेल तिथे ५ गिगाहर्ट्झ, कारण तो भिंती कमी ओलांडतो आणि इथे तोच त्याचा गुण आहे, शेजारच्या मजल्याचं ऐकू येत नाही. रिपीटर नको, केबलच हवी. आणि ज्या दिवशी ती केबल येईल त्या दिवशी मजल्यावरचे हॉटस्पॉट बंद करायचं आपण आपसात ठरवून टाकायचं. तो भाग रेक्टरचा नाही.

अर्जासोबत पुरावा जोडा. फोनवर वायफाय ॲनालायझरचं कुठलंही फुकट ॲप टाका आणि रात्री दहा वाजता प्रत्येक खोलीत उभं राहून कुठल्या चॅनलवर किती जण आहेत आणि सिग्नल किती येतोय ते कागदावर लिहा. आकडे उणे असतात, उणे ५० चांगला, उणे ८० म्हणजे आमची ती कोपऱ्यातली खोली. एका मजल्याला अर्धा तास पुरतो. हे सुट्टी लागायच्या आधीच करा, भिंतीला भोकं पाडायची परवानगी मिळाली तर ती मे महिन्यातच मिळते.